मेणवलीचा फडणीस वाडा

मेणवलीचा फडणीस वाडा : उत्तर पेशवाईतील मुत्सद्दी नाना फडणीस (१२ फेब्रुवारी १७४२–१३ मार्च १८००) याने सातारा जिल्ह्यातील मेणवली या गावी कृष्णा नदीच्या काठी बांधलेला निवासी वाडा. वाई शहरापासून हे ठिकाण सु. ३ किमी. अंतरावर आहे. सहा चौकांची मुख्य वास्तू, तिच्या मागील बाजूस नदीत उतरणारा दगडी घाट आणि घाटावरील विष्णू व मेणेश्वर यांची मंदिरे असा हा एक सलग समूह आहे. पेशवाईतील बहुतेक मोठे वाडे जळाले, पडले, सरकारजमा झाले किंवा त्यांचे तुकडे पडून भाडेकऱ्यांच्या ताब्यात गेले. त्या मानाने मेणवलीचा वाडा बऱ्याच अंशी मूळ रूपात आणि मूळ घराण्याच्या वंशजांकडे राहिला, हे त्याचे पहिले वैशिष्ट्य होय. दुसरे वैशिष्ट्य असे, की या वास्तूत केवळ कुटुंब नांदत नव्हते. मराठी राज्याच्या अखेरच्या पर्वाची एक मोठी कागदपत्रांची रास तिच्यात सांभाळली गेली होती.

नाना फडणीसाचे मूळ नाव बाळाजी जनार्दन भानू. भानू घराणे मूळचे कोकणातील श्रीवर्धनचे. बाळाजी विश्वनाथ भटाबरोबर ते घाटावर आले व त्याच्या उत्कर्षाबरोबर फडणिशी त्यांच्याकडे आली. नानाचा आजा बाळाजी महादेव हा १७१९ मध्ये दिल्लीच्या दंग्यात मारला गेला. पेशव्याच्या जिवावर आलेले त्याने आपल्यावर घेतले, अशी घराण्यातील परंपरा सांगते. फडणीस म्हणजे जमाखर्चाचा व दप्तराचा प्रमुख अधिकारी. कोणती रक्कम कोठून आली, कोठे गेली, कोणास कोणती सनद मिळाली, याची नोंद ठेवणाऱ्या या पदाला पेशवाईत हळूहळू राजकीय वजन आले आणि नानाच्या काळात ते पराकोटीस गेले. पानिपतच्या मोहिमेत (१७६१) आईसह सापडलेला हा सुमारे एकोणीस वर्षांचा तरुण आईविना परत आला. त्याने लिहिलेल्या त्रोटक आत्मचरित्रात त्या प्रसंगाची हकीकत आली आहे.

मेणवली हे गाव नानास इनाम मिळाले ते डिसेंबर १७६८ मध्ये. औंधचा भवानराव त्र्यंबक पंतप्रतिनिधी व साताऱ्याचा रघुनाथ घनश्याम मंत्री यांनी ते दिले. त्या वेळी थोरला माधवराव पेशवेपदावर होता आणि नाना सव्वीस वर्षांचा होता; बारभाईंचे कारस्थान (१७७४) अजून दूर होते. यावरून एक गोष्ट ध्यानात येते. मेणवलीचे वसवणे हे सत्तेच्या शिखरावर पोहोचलेल्या माणसाने हौसेखातर उभारलेले काम नव्हते. राज्यात नुकते स्थिरावलेल्या एका ब्राह्मण अधिकाऱ्याने आपल्या घराण्यासाठी पुण्याबाहेर केलेली ती तजवीज होती. जागेची निवडही विचारपूर्वक दिसते. वाई हे तीर्थक्षेत्र. पेशव्यांचे व्याही रास्ते घराणे तेथे वसलेले. रास्त्यांनी बांधलेली काशीविश्वेश्वर (१७५७) व महागणपती (१७६२) ही मंदिरे आणि वाईचे घाट तयार होत असतानाच मेणवलीच्या कामाची पार्श्वभूमी सिद्ध झाली. छत्रपतींचे सातारा जवळ, पुण्याला जाणारा रस्ता हाताशी आणि कोकणात उतरणारे घाट पश्चिमेस, असे हे ठिकाण होते. १७९६ मध्ये पेशवाईच्या वारसाहक्काच्या घोळात नानास पुणे सोडावे लागले, तेव्हा तो साताऱ्यास व वाईस आला आणि तेथून महाडकडे उतरला.

इनाम मिळाल्यानंतर नानाने येथे वस्ती वसविली, वाडा व घाट बांधला आणि दोन मंदिरे उभारली. महाराष्ट्रात वाडा हा शब्द झोपडीखेरीजच्या जवळजवळ कोणत्याही प्रशस्त घराला लावला जातो. परंतु स्थापत्याच्या दृष्टीने त्याचा गाभा चौक हा आहे. मोकळे अंगण मध्ये, त्याच्या चारी बाजूंनी ओसऱ्या आणि ओसऱ्यांच्या मागे खोल्या, असे एक एकक धरले, तर मोठा वाडा म्हणजे अशा एककांची मालिका. घराणे वाढले की चौक वाढतो. भिंत पाडावी लागत नाही. एका चौकाचा वाडा सुखवस्तू गृहस्थाचा, दोन-तीन चौकांचा सरदाराचा किंवा सावकाराचा. मेणवलीस सहा चौक आहेत, यावरून कुटुंब, आश्रित, कारकून, पाहुणे, नोकरचाकर, जनावरे व धान्य यांचा केवढा संसार त्यात सामावत असे, याची कल्पना येते.

चौकांचा क्रम सहसा प्रतिष्ठेचा व सोवळ्याचा क्रम असतो. रस्त्याकडील देवडी पहारेकऱ्यांची. मोठ्या दरवाजात एक लहान दिंडी ठेवलेली असते. आत येणाऱ्यास वाकून यावे लागते व एकेकटेच यावे लागते, त्यामुळे बंदोबस्त सोपा होतो. पहिल्या चौकाभोवती सदर व कचेरी. बाहेरच्या माणसाचा संबंध येथपर्यंतच. त्यापुढील चौकांत दिवाणखाना, माजघर, देवघर, बाळंतिणीची खोली, स्वयंपाकघर व मुदपाकखाना, कोठी, न्हाणीघर असा पसारा येतो आणि अगदी मागे गोठा, पागा, परसू व विहीर. स्त्रियांचा वावर आतल्या चौकांत असे. त्यांच्यासाठी मागील दाराने नदीकडे जाण्याची वाट असणे ही नदीकाठच्या वाड्यांची मोठी सोय होती. मेणवलीस घाट वाड्याच्या पाठीशी आहे तो केवळ देखाव्यासाठी नव्हे. स्नानसंध्या, देवदर्शन, पाणी भरणे, धुणे, श्राद्धकर्म हे सर्व दारातून बाहेर पडताच व्हावे, हा त्यामागील हेतू. घाट चंद्रकोरीच्या आकाराचा असून त्याच्या पायऱ्या थेट पात्रात उतरतात.

वाड्याचा सांगाडा सागवानी लाकडाचा व भिंती भरीव असतात. भार मुख्यतः खांब व तुळया पेलतात. त्यामुळे भिंत खचली तरी छत लगेच येत नाही. दोन खांबांतील अंतरास खण म्हणतात. ते साधारणतः पाच फुटांचे, म्हणजे सु. दीड मी. असते. जुन्या कागदांत घराचे माप फुटांत नव्हे, तर खणांत दिलेले आढळते, आणि वाटणीपत्रांत अमुक भावाकडे अमुक इतके खण असा उल्लेख येतो. खांबाखाली कोरीव दगडी तळखडा देण्याची पद्धत आहे. तो जमिनीतील ओल लाकडापर्यंत चढू देत नाही. खांबावर हस्त, हस्तावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर लाकडी पाट किंवा किलचण व त्यावर मातीची भरण, अशी मजल्याची बांधणी होते. चांगल्या दालनांत कड्यांखाली तक्तपोशी करीत. पेशवाईच्या उत्तरार्धातील दिवाणखान्यांत सुरूच्या झाडाच्या आकाराचे निमुळते खांब, त्यांवरील केळफुलाचे नक्षीकाम आणि खांबांमधील पाकळ्यांच्या महिरपी हे इतके रूढ झाले, की त्यांवरून बांधकामाचा काळ स्थूलमानाने ठरविता येतो. हे अलंकरण उत्तरेकडील मोगल व राजपूत वास्तूंतून आले, असे मानले जाते. चौकाची मांडणी मात्र देशी व फार जुनी आहे.

सामग्री शक्यतो जवळची वापरीत. पुण्याच्या शनिवारवाड्यासाठी (पायाभरणी १७३०) जुन्नरच्या रानातील साग, चिंचवडच्या खाणीतील दगड व जेजुरीकडील चुना आणल्याचे सांगतात. म्हणजे पेशव्यांनाही फार दूर जावे लागले नाही. कृष्णेच्या खोऱ्यात काळा पाषाण विपुल आहे. जोते व घाट त्याचे. वरच्या भिंती विटांच्या किंवा पांढऱ्या मातीच्या असत. ही पांढरी माती जुन्या गावठाणाची, म्हणजे पिढ्यान्‌पिढ्यांच्या पडलेल्या घरांचीच माती असते. ती मळून, कुजवून, थरावर थर देऊन उभी केलेली भिंत दोन-तीन हात जाड असते. तिच्या जाडीत कोनाडे, फडताळे, धान्याची बळदे आणि कधी चोरजिनाही बसविता येतो. उन्हाळ्यात ती घर थंड ठेवते. अट एकच. तिचा माथा व पाया कोरडा राहिला पाहिजे. चुना घाणीत मळून त्यात गूळ, बेलफळाचा गर यांसारखे चिकट पदार्थ घालण्याची चाल होती. या गिलाव्यातून भिंतीतील ओल बाहेर पडू शकते. विसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली अशा भिंतींना सिमेंटचा गिलावा करण्यात येऊ लागला. त्यामुळे ओल आत कोंडते, माती पिठासारखी सुटते आणि काही वर्षांत सिमेंटची ढलपी भिंतीचा पृष्ठभाग घेऊन गळते. जुन्या घरांची जेवढी हानी दुर्लक्षाने झाली, तेवढीच अशा सद्‌हेतूच्या दुरुस्तीने झाली आहे, असे म्हटल्यास वावगे होणार नाही.

वाड्यातील दालनांच्या भिंतींवर रंगीत चित्रे आहेत. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धातील मराठा भित्तिचित्रांचे जे थोडे नमुने वाई परिसरात शिल्लक राहिले, त्यांत रास्त्यांच्या मोतीबागेतील व मेणवलीच्या वाड्यातील चित्रे महत्त्वाची गणली जातात. पौराणिक प्रसंग व देवदेवता हे त्यांचे मुख्य विषय. या काळातील चित्रे बहुतांशी कोरड्या गिलाव्यावर, रंगात चिकट द्रव्य मिसळून काढलेली असत. त्यामुळे ती पाण्यास व घर्षणास फार लवकर बळी पडतात. अनेक वाड्यांत दसरा-दिवाळीस दिलेल्या चुन्याच्या हाताखाली ती कायमची झाकली गेली. ज्या घरातील एखादी खोली पूर्वजाची म्हणून बंद ठेवली गेली, तेथे ती टिकली. मेणवलीस नानाची म्हणून दाखविली जाणारी दालने राहत्या घरापासून वेगळी ठेवली गेली, याचा फायदा चित्रांना मिळालेला दिसतो.

घाटावर मेणेश्वराच्या मंदिरालगत एका लहान दगडी बांधणीत मोठी घंटा टांगलेली आहे. तिच्यावर बाळ येशूस घेतलेल्या मेरीची आकृती व १७०७ हे वर्ष आहे. चिमाजी आप्पाने मे १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली; त्या विजयानंतर तेथील चर्चमधून आणलेल्या घंटांपैकी ही एक होय. नासिकच्या नारोशंकर मंदिरातील व भीमाशंकर येथील घंटाही अशाच आलेल्या आहेत. मेणवलीचे गाव नानाकडे येण्यापूर्वी एकोणतीस वर्षे वसई पडली होती. तेव्हा घंटा येथे बसविली गेली ती नंतरच्या काळात, हे उघड आहे.

नानाच्या मृत्यूनंतर घराण्यावर कठीण प्रसंग आला. त्यास पुत्र नव्हता. मागे अल्पवयीन पत्नी जिऊबाई उरली. दुसऱ्या बाजीरावाचे नानाशी वैर जुने होते. नानाची संपत्ती कोठे आहे, याविषयी त्यास व शिंद्यास सारखीच उत्सुकता होती. नानाचा विश्वासू धोंडोपंत हा लोहगडचा किल्लेदार असल्याने जिऊबाई त्या किल्ल्याच्या आश्रयास राहिली. वसईच्या तहानंतर (१८०२) इंग्रज पेशव्याच्या कारभारात शिरले, तेव्हा आर्थर वेलस्ली याने १८०३-०४ च्या सुमारास मध्यस्थी केली. किल्ला पेशव्याच्या हवाली व्हावा आणि जिऊबाईस संरक्षण व वार्षिक १२,००० रुपयांची नेमणूक मिळावी, असे ठरले. ज्या मुत्सद्द्याने इंग्रजांना पुण्याच्या दरबारापासून दूर ठेवण्यात आयुष्य वेचले, त्याच्या विधवेस आपल्या धन्यापासून संरक्षण मिळाले ते इंग्रजी हमीने. पुढे तिचे वास्तव्य मेणवलीस झाले व दत्तकाच्या द्वारे घराणे चालू राहिले. वाडा टिकण्याचे श्रेय पुष्कळदा नानाच्या दूरदृष्टीस दिले जाते. वस्तुतः ते जिऊबाईच्या चिकाटीस अधिक द्यावयास हवे. पेशवाई बुडाल्यानंतर (१८१८) अनेक मातब्बर घराण्यांचे वाडे कर्जापायी गेले किंवा सरकारी कचेऱ्यांना लागले; पुण्याचा शनिवारवाडा १८२८ मध्ये आगीत भस्मसात झाला आणि बुधवारवाडा १८७९ च्या आगीत नाहीसा झाला. मेणवली राजधानीपासून दूर होती व तेथे कुटुंब राहते होते, या दोन गोष्टींनी ती वाचली. १८८५ साली प्रसिद्ध झालेल्या सातारा गॅझेटियरमध्ये गावाची नोंद आली आहे.

वाड्यापेक्षाही अधिक काळजीने पाहण्यासारखी हकीकत त्यातील कागदांची आहे. पेशव्यांचे सरकारी दप्तर इंग्रजांच्या हाती गेले व पुढे ते पुण्यातच राहिले. त्यातील निवडक कागद गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३०–३४ या काळात ४५ खंडांत छापले गेले. नानाचे खाजगी दप्तर मात्र मेणवलीत होते. दरबारांतील वकिलांची पत्रे, हेरांच्या बातम्या, हिशेब, घरगुती व्यवहार, हे सर्व मोडी लिपीत, रुमालांत बांधलेले. वि. का. राजवाडे यांनी इतिहाससाधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये प्रसिद्ध केला. वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस पटवर्धनांच्या दप्तरावर काम चालविले होते. जुन्या वाड्यांचे माळे व तळघरे म्हणजे इतिहासाची भांडारे आहेत, ही जाणीव त्या पिढीने महाराष्ट्राला दिली. त्याच ओघात रावबहादूर दत्तात्रय बळवंत पारसनीस (१८७०–१९२६) यांनी मेणवली दप्तर मिळविले व त्यातील निवडक कागद इतिहाससंग्रह या मासिकातून प्रकाशात आणले. त्यांच्या साताऱ्याच्या ऐतिहासिक संग्रहालयातील सामग्री १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात हलविण्यात आली. अशा रीतीने मेणवलीचे कागद मेणवलीपासून दूर गेले.

ही घटना इतिहाससंशोधनास उपकारक ठरली, यात शंका नाही. वाळवी, उंदीर व पावसाळी गळती यांपासून कागद वाचले. परंतु तिची दुसरी बाजू फारशी लक्षात घेतली जात नाही. दप्तराचा अभ्यास झाला तो राजकारणासाठी. पानिपत, बारभाई, महादजी शिंदे, टिपू, निजाम यांच्यासंबंधीचे कागद निवडले गेले. सुतार-गवंड्यांची रोजमुरे, लाकूड व चुन्याची खरेदी, चितार्‍यास दिलेली बिदागी, कोठीचे हिशेब यांसारख्या नोंदींना इतिहास मानण्याची तेव्हाची दृष्टी नव्हती. पेशवाईतील कोणतेही मोठे बांधकाम हिशेबाशिवाय होत नसे आणि फडणिसाच्या घरी तर ते अशक्यच. शनिवारवाड्याच्या मूळ बांधकामास १६,११० रुपये खर्च आल्याचे सांगता येते ते अशा हिशेबांमुळेच. वास्तू एकीकडे व तिचा जमाखर्च दुसरीकडे, अशी फारकत झाल्यावर दोहोंचा अर्थ अपुरा राहतो.

याचसाठी जुन्या घराचे दस्तऐवजीकरण ही दोन हातांनी करावयाची गोष्ट आहे. एका हाताने मोजमाप. प्रत्येक मजल्याचा आराखडा, उभे छेद, खणांची संख्या, तळखडे, सांधे व महिरपी यांची रेखाटने करावी लागतात. वास्तू तपासून पाहिली तर बांधकामाचे टप्पे बहुधा ती स्वतःच सांगते. विटांचा आकार मध्येच बदलतो. एका चौकाचे खांब दुसऱ्याहून बारीक असतात. भिंतीतील बुजविलेला दरवाजा एखाद्या वाटणीची खूण असतो. छपरावर मंगलोरी कौले असतील, तर ते छप्पर बाझेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कारखाना काढल्यानंतरचे आहे हे निश्चित. त्याआधीचे छप्पर नळीच्या कौलांचे असते. दुसऱ्या हाताने वाचन. सनदा, इनामपत्रे, वाटणीपत्रे, कुलवृत्तांत आणि घरातील वृद्ध स्त्रीपुरुषांच्या आठवणी. कोणत्या खोलीस काय म्हणत, कोठे कोणते कुळाचार होत, कोणता कोनाडा कोणत्या देवाचा, ही माहिती कागदावर बहुधा नसतेच. ती सांगणारी पिढी गेली, की नकाशावर नुसते चौकोन उरतात. म. श्री. माटे यांनी मराठा वास्तुकलेवरील आपल्या ग्रंथात (१९५९) मंदिरांबरोबर किल्ले व वाडे यांनाही अभ्यासाचा विषय केले. त्यानंतर वास्तुशास्त्राच्या विद्यालयांतून वाड्यांची मोजमापे होऊ लागली. पण ती मुख्यतः आकृतींची, आणि इतिहासकारांचे वाचन मुख्यतः कागदांचे.

काळाचा रेटा या कामापेक्षा जलद ठरला. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत धरण फुटून आलेल्या पुरात पुण्यातील मुठेकाठचे कित्येक वाडे मातीच्या भिंतींसह बसले. १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने भाडी गोठल्यामुळे शहरांतील वाड्यांच्या मालकांना कौले चाळण्याइतकेही उत्पन्न राहिले नाही. तो कायदा जाऊन १९९९ चा महाराष्ट्राचा कायदा आला, तोपर्यंत बहुतेक वाडे पाडून त्यांवर इमारती उभ्या राहिल्या होत्या किंवा तसे करार झाले होते. भाऊबंदांच्या वाटण्यांनी उरलेसुरले काम केले. एका चौकाला सहा मालक असले, की छपरातील एक फुटके कौल बदलण्यास सहा संमती लागतात. तेवढ्या अवधीत पाणी कडीच्या भिंतीतल्या टोकापर्यंत पोहोचते. सागवान उघड्यावर शंभर वर्षे तगेल, पण ओल्या मातीत रुतलेले त्याचे टोक काही पावसाळ्यांत कुजते आणि मजला त्याच ठिकाणी प्रथम खचतो.

मेणवली या संकटांपैकी भाडेकरूंच्या व पुराच्या संकटातून सुटली. देखभालीच्या संकटातून नाही. सहा चौकांची कौले दरवर्षी पावसाळ्यापूर्वी चाळणे हे एका खाजगी कुटुंबाच्या आवाक्यातील काम नव्हे. ज्या इनामी उत्पन्नावर असे वाडे पोसले जात, ते उत्पन्न स्वातंत्र्योत्तर काळात इनामे खालसा झाल्यावर संपले. अलीकडच्या दशकांत वाई परिसर चित्रपटांच्या चित्रीकरणासाठी प्रसिद्धीस आला. २००४ मध्ये प्रदर्शित झालेल्या ‘स्वदेस’ या हिंदी चित्रपटातील गाव म्हणून मेणवलीचा घाट देशभर पोहोचला व पर्यटकांची ये-जा वाढली. त्यातून थोडे उत्पन्न मिळते. त्याचबरोबर पायऱ्यांवर खिळे, रंग व तात्पुरते मांडव यांचा उपसर्गही होतो. घाटावर येणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाड्याची चित्रे पाहावयाची असतात. त्या चित्रांचे रंग मात्र दरवर्षीच्या ओलीने व हाताच्या स्पर्शाने थोडे थोडे कमी होतात, म्हणून त्यांची भिंतवार, मोजमापासह रंगीत नोंद करून ती डेक्कन कॉलेजातील दप्तराशेजारी ठेवणे, हे या वास्तूसंबंधीचे सर्वांत निकडीचे काम होय.